इंद्राणीला भूगोल शिकवणारी कुरवंजी : तंजावरच्या सरफोजीराजांची गोष्ट

महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर, तमिळ मुलखात, दोनशे वर्षांपूर्वी एका मराठी राजाने जगाच्या भूगोलावर चक्क नाटक लिहिलं. तेही मराठीत. नाटकाचं नाव ‘देवेंद्र कुरवंजी’ आणि राजाचं नाव सरफोजी भोसले, म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी स्थापन केलेल्या गादीचे हे वारस.

सरफोजींचा जन्म 1777 चा. भोसले घराण्यातल्याच एका शाखेतून तुळजाजीराजांनी त्यांना 1787 मध्ये दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी तुळजाजी वारले. दहा वर्षांच्या पोराला बाजूला सारून अमरसिंह गादीवर बसले. मुलाच्या पाठीशी उभा राहिला तो श्वार्ट्झ नावाचा जर्मन मिशनरी. जिवाला धोका नको म्हणून सरफोजींना मद्रासला नेण्यात आलं. तिथे त्यांचं इंग्रजी शिक्षण झालं, पाश्चात्त्य विद्यांची गोडी लागली. धर्म मात्र त्यांनी सोडला नाही.

1798 मध्ये गादी मिळाली, पण सुख वर्षभरच टिकलं. 1799 च्या तहाने सगळा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. फौज नाही, न्यायदान नाही, मुलूख नाही. अशा अवस्थेत नाचगाणी आणि शिकार यात आयुष्य घालवणारे संस्थानिक काही कमी नव्हते.

सरफोजींनी पैसा वेगळ्याच ठिकाणी लावला. परदेशातून पुस्तकं आणि उपकरणं मागवली. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. धन्वंतरी महालात वैद्य आणि युरोपीय पद्धतीचे डॉक्टर यांना एकत्र आणलं. शरीरशास्त्र शिकायचं होतं, पण माणसाच्या खऱ्या हाडांचा विटाळ हिंदू राजाला चालणारा नव्हता. मग त्यांनी इंग्लंडहून कृत्रिम सांगाडा मागवला. रूढीही मोडली नाही आणि अभ्यासही अडला नाही.

याच काळात दरबारी चित्रकारांच्या हाताला नवं काम मिळालं. देवादिकांची चित्रं सोन्याच्या वर्खात रंगवण्यासाठी तंजावर प्रसिद्ध. इथे आता पक्षी, प्राणी आणि वनस्पती समोर दिसतात तशा काढून घेतल्या जाऊ लागल्या. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदींसोबत त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रंही जोडली गेली. कुठे लाली, कुठे पडदा, कुठे सूज हे पाहणाऱ्याला लगेच कळावं म्हणून. या नोंदी सरस्वती महालात आजही जपलेल्या आहेत.

राजांचं लक्ष एवढ्यावर थांबलं नाही. नवी विद्या लोकांच्या कानावर पडायची तर ती त्यांच्या ओळखीच्या सुरात यायला हवी, हे त्यांनी ओळखलं. औषधांचे उपचार कवींकडून तमिळ पद्यात बांधून घेतले. वाड्यात देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ तिथूनच 1806 मध्ये छापलं गेलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते.

‘देवेंद्र कुरवंजी’ याच वाटेवरचं. कुरवंजी म्हणजे तमिळ मुलखातली हात पाहून भविष्य सांगणारी भटकी बाई. तिच्यावरून तिथे एक नाट्यप्रकारच रूढ झालेला. प्रेक्षकांना वाटावं, आता ही नायिकेचं नशीब सांगणार. पण सरफोजींच्या नाटकात ती इंद्राणीला पृथ्वीवरचे देश सांगत बसते. पात्र तमिळ, भाषा मराठी, माहिती युरोपातून आलेली. आणि ऐकणारी थेट स्वर्गाची राणी!

7 मार्च 1832 रोजी सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजी 1855 मध्ये पुरुष वारसाविना गेले आणि कंपनीने उरलंसुरलं संस्थानही खालसा केलं. ग्रंथालय तेवढं वाचलं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये सरफोजींनीच कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहासही शाबूत आहे.

राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला भाषा टिकणार कशी, ही काळजी नेहमीच असते. सरफोजींनी मराठीला नुसतं जपून ठेवलं नाही. तिला नवं शिकवायला लावलं, आणि शेजारच्या तमिळशी भांडण न करता.