संगिनींच्या पहाऱ्यातले स्वातंत्र्य

मॅक्समिलियाँ रोबस्पिएर हे नाव उच्चारले की गिलोटिन डोळ्यांपुढे उभे राहते. फ्रान्समधील १७९३-९४ च्या दहशतपर्वाशी ते कायमचे जोडले गेले आहे, आणि त्यात अन्याय काही नाही. परंतु परक्या देशात सैन्य घुसवून तेथील जनतेला स्वतंत्र करता येते काय, हा प्रश्न क्रांतिकारक फ्रान्सपुढे उभा राहिला तेव्हा त्याला ठाम नकार देणारा माणूस हाच होता, याचा मात्र विसर पडला आहे.

रोबस्पिएरचा जन्म ६ मे १७५८ रोजी अरास येथे झाला. तो सहा वर्षांचा असताना आई वारली; पुढे वकील असलेला बाप मुलांना नातलगांच्या हवाली करून निघून गेला. शिष्यवृत्तीच्या आधारावर पॅरिसच्या लुई-ल-ग्रां विद्यालयात शिकून तो वकील झाला आणि १७८९ मध्ये सामान्यजनांचा प्रतिनिधी म्हणून व्हर्सायला गेला. आवाज बारीक, पोशाख नीटनेटका, स्वभाव एकलकोंडा. १७९१ च्या मे महिन्यात त्याने देहान्त शिक्षा रद्द करण्याची मागणी केली. ती फेटाळली गेली. त्याच महिन्यात, विद्यमान सभासदांनी पुढच्या विधिमंडळाची निवडणूक लढवू नये, हा ठराव त्याने संमत करून घेतला आणि आपल्याही हाताने स्वतःचे दार बंद केले.

त्यामुळे युद्धाचा वाद पेटला तेव्हा त्याच्यापाशी विधिमंडळाचे आसन नव्हते. होते ते जॅकोबिन क्लबचे व्यासपीठ. ब्रिसो आणि त्याचे सहकारी ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धाची मागणी करीत होते. फ्रेंच सैन्य सरहद्द ओलांडताच राजेशाहीखाली पिचलेली प्रजा त्याचे स्वागत करील, अशी त्यांची खात्री होती. राजा सोळावा लुई यालाही युद्ध हवे होते, मात्र ते हरण्यासाठी. १७९१ च्या डिसेंबरपासून रोबस्पिएरने या मोहिमेवर हल्ला चढवला. शस्त्रे घेऊन दारात आलेल्या परक्याला कोणतीही प्रजा मुक्तिदाता मानत नाही. तिच्या लेखी ते परचक्रच असते. स्वातंत्र्य लोकांच्या बुद्धीला पटत पटत रुजते, ते फर्मानाने येत नाही. शिवाय युद्धात घरचे स्वातंत्र्य गहाण पडते आणि विजयी सेनापती उद्या देशाचा धनी होतो. हे त्याचे प्रतिपादन होते. क्लबमध्ये त्याला साथ देणारे थोडेच निघाले. २० एप्रिल १७९२ रोजी प्रचंड बहुमताने युद्ध पुकारले गेले.

बेल्जियममध्ये जे घडले ते पाहण्यासारखे आहे. तेथील लोकांनी १७८९ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध बंड केलेच होते. पण ते आपले जुने हक्क आणि आपले चर्च वाचवण्यासाठी. नोव्हेंबर १७९२ मधील जमापच्या विजयानंतर फ्रेंच आले ते नेमके त्यावरच घाव घालीत. १५ डिसेंबरच्या हुकमाने जिंकलेल्या मुलखात जनतेचे सार्वभौमत्व जाहीर झाले, सरंजामी हक्क रद्द झाले, चर्चची मालमत्ता ताब्यात घेण्यात आली आणि सैन्याचा खर्चही त्याच जनतेच्या माथी आला. मग संगिनींच्या पहाऱ्यात सभा भरवून फ्रान्समध्ये विलीन होण्याचे ठराव करून घेण्यात आले. मार्च १७९३ मध्ये नेर्विंडेनला फ्रेंचांचा पराभव झाला आणि त्या ठरावांची किंमत कळली.

या संदर्भात १९४५ नंतरच्या जपान-जर्मनीचा दाखला हमखास दिला जातो. पण जपानात संसद १८९० पासून होती आणि जर्मनांनी वायमारचे प्रजासत्ताक स्वतःच स्थापले होते. जेत्यांनी बी आणले नाही, पडीक शेत पुन्हा लागवडीखाली आणले. अफगाणिस्तानात वीस वर्षे परदेशी फौजा राहिल्या. त्या निघताच २०२१ मध्ये त्यांच्या आश्रयाचे सरकार काही दिवसांत कोसळले.

युद्धामुळे घरच्या स्वातंत्र्याचे काय होईल, ही रोबस्पिएरची भीतीही खरी ठरली. दुर्दैव असे की ती त्याने स्वतःच खरी करून दाखवली. २७ जुलै १७९३ रोजी तो सार्वजनिक सुरक्षा समितीत आला. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार देणारी राज्यघटना त्याच वर्षी लोकमताने संमत झाली होती; ऑक्टोबरात ती शांतता प्रस्थापित होईपर्यंत बाजूला ठेवण्यात आली. ब्रिसो गिलोटिनखाली गेला. जून १७९४ च्या कायद्याने आरोपीचा वकील देण्याचा हक्कच काढून घेतला, आणि त्या कायद्यामागे अरासचा हा वकील होता! परकी प्रजा बळाने स्वतंत्र होत नाही हे ज्याला कळले, त्याला आपली प्रजा मात्र बळाने सद्गुणी होईल असे वाटले.

२८ जुलै १७९४ रोजी, छत्तिसाव्या वर्षी, खटल्याविना त्याचा शिरच्छेद झाला. ती घटना पुढे कधीच अमलात आली नाही. इटलीत फ्रेंच सैन्याने उभारलेली प्रजासत्ताके १७९९ मध्ये, ते सैन्य हरताच ढासळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, इटलीच्या मोहिमेने नावारूपाला आलेल्या बोनापार्ट नावाच्या सेनापतीने पॅरिसमध्ये सत्ता हाती घेतली.