नदीसाठी फासावर गेलेला लेशाय

१९ फेब्रुवारी १८५८ रोजी अमेरिकेच्या वायव्य टोकाला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात, एका उघड्या माळावर लेशाय नावाच्या माणसाला फाशी देण्यात आली. शेजारच्या लष्करी ठाण्याने आपल्या हद्दीत फास उभारू दिला नव्हता. लष्कराच्या लेखी लेशाय हा युद्धात लढलेला शत्रू होता; त्याला खुनी ठरवणे सैनिकांनाही पटले नव्हते.

लेशायचा जन्म १८०८ च्या सुमारास झाला. वडील निस्क्वाली जमातीचे, आई डोंगरापलीकडच्या याकामा जमातीची. घोड्यांचा मोठा कळप बाळगणारा हा सुखवस्तू माणूस गोऱ्या वसाहतवाल्यांशी सलोख्यानेच वागत आला होता. त्याच्या लोकांचे सारे जगणे निस्क्वाली नदीवर होते. रेनियर पर्वताच्या हिमनदीतून निघून ही नदी सुमारे १३० किलोमीटरवर खाडीला मिळते. समुद्रातले सॅमन मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने तिच्यात चढतात.

२६ डिसेंबर १८५४ रोजी गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी मेडिसिन क्रीकचा तह घडवून आणला. मासेमारीचा हक्क कागदावर राहिला. पण निस्क्वालींना राहण्यासाठी मिळाली ती नदीपासून दूरची, खडकाळ १,२८० एकर जमीन. तह समजावला गेला तो अवघ्या काहीशे शब्दांच्या बाजारी बोलीत. बँकेत निरक्षर खातेदाराचा अंगठा घेतानासुद्धा मजकूर त्याच्या भाषेत समजावावा लागतो. इथे तर एका जमातीची नदी जात होती. तहावर लेशायच्या नावापुढे फुली आहे. ती त्याने स्वतः केली का, हा वाद अजून मिटलेला नाही.

१८५५ मध्ये युद्ध पेटले. ऑगस्ट १८५६ मध्ये स्टीव्हन्स यांनी नमते घेतले आणि जानेवारी १८५७ मध्ये नदीच्या दोन्ही काठांवरची सुमारे ४,७०० एकर जमीन निस्क्वालींना मिळाली. तेव्हा लेशाय कैदेत होता. नात्यातल्याच माणसाने त्याला पकडून दिले होते. पहिल्या खटल्यात पंचांचे एकमत झाले नाही. दुसऱ्यात तो दोषी ठरला.

त्याने मिळवलेला काठही पुरता टिकला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यातला मोठा भाग लष्करी छावणीसाठी घेण्यात आला. मासेमारीसाठी तर लेशायच्या वारसांना तुरुंगात जावे लागले. अखेर १९७४ मध्ये न्यायालयाने तहातला हक्क मान्य केला आणि पकडण्याजोग्या माशांत जमातींचा निम्म्यापर्यंतचा वाटा ठरला. मासा आपला, तर मासा जगवणारी नदीही पाहायला हवी, हे ओघानेच आले.

१९८७ पासून निस्क्वाली जमात, सरकारी खाती आणि नदीकाठचे रहिवासी हिमनदीपासून खाडीपर्यंतच्या खोऱ्याचा विचार एकत्र बसून करतात. मुखाशी शेतीसाठी घातलेले जुने बांध २००९ मध्ये काढले गेले आणि ७६२ एकरांवर भरतीचे पाणी परत खेळू लागले. समुद्र चढतो आहे, डोंगरावरचे बर्फ घटते आहे. अशा वेळी गाळ धरणारी ही खारजमीन किनाऱ्याची ढाल आहे.

२००४ मध्ये न्यायाधीशांच्या एका ऐतिहासिक चौकशी मंडळाने लेशायला निर्दोष ठरवले. त्या निकालाला कायद्याचे बळ नव्हते, पण जमातीच्या मनावरचा डाग पुसला गेला. खडकाळ १,२८० एकरांवर समाधान मानले असते, तर लेशाय कदाचित म्हातारा होऊन मेला असता. मात्र नदीविषयी बोलायला त्याच्या नातवंडांना काठ उरला नसता.