आधी पोटोबा, मग कोण?

आधी पोटोबा, मग विठोबा ही म्हण आमच्या इंदूरच्या वाड्यात आजोबांच्या तोंडी नेहमी असे. गुरुवारी भजनी मंडळी जमू लागली तरी पानावरून उठण्याची त्यांना घाई नसे. पुढे मी शिक्षकांना शिकवण्याचा व्यवसाय पत्करला. मानसशास्त्राच्या तासाला फळ्यावर एक त्रिकोण काढून मी त्याचे पाच थर करीत असे. तळाशी भूक-तहान, तिच्यावर सुरक्षितता, मग आपुलकी, मग मानसन्मान आणि शेंड्यावर आत्मविकास. खाली अब्राहम मॅस्लो हे नाव लिहिले की माझे काम संपे. आजोबांचीच म्हण अमेरिकेहून कोट-पाटलोण घालून आली आहे, असे मला वाटे. निवृत्तीनंतर त्या गृहस्थांचे चरित्र सवडीने वाचले, तेव्हा आपण इतकी वर्षे अर्धेच सांगितले, हे ध्यानात आले.

मॅस्लोंचा जन्म १ एप्रिल १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. आईबाप रशियन साम्राज्यातल्या कीव्हकडून आलेले ज्यू निर्वासित. वडिलांचा धंदा लाकडी पिंपे दुरुस्त करण्याचा. सात भावंडांत हे थोरले. वस्तीतली पोरे ज्यू म्हणून छळत, म्हणून हा मुलगा ग्रंथालयात जाऊन बसे. घरी तरी सुख असावे, तर तेही नव्हते. आईने खाण्याच्या पेटीला कुलूप घातलेले असे. एकदा त्याने रस्त्यावरची मांजराची दोन पिले घरी आणली, तर तिने ती त्याच्या डोळ्यांदेखत भिंतीवर आपटून मारली. ही आठवण त्याला जन्मभर पुसता आली नाही. पुढे ती वारली, तेव्हा तो तिच्या अंत्यविधीलाही गेला नाही.

मुलाने वकील व्हावे ही वडिलांची इच्छा. त्याने कायद्याचे वर्ग धरले आणि थोड्याच दिवसांत सोडले. १९२८ च्या अखेरीस बर्था ह्या आपल्या नात्यातल्या मुलीशी त्याने लग्न केले, आणि आपले आयुष्य खरे त्या दिवशी सुरू झाले असे तो मानी. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो ह्यांच्या हाताखाली माकडांचा अभ्यास करून १९३४ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. कळपातला वरचढपणा बहुधा मारामारीने ठरत नाही, तो नजरेवरून नि वावरण्यावरून ठरतो, असे त्याला दिसले. नुसत्या दातांच्या जोरापलीकडे माकडातही काही आहे, ही त्याची पहिली शिकवण.

न्यूयॉर्कला परतल्यावर १९३७ पासून मॅस्लो ब्रुकलिन कॉलेजात शिकवू लागले. हिटलरच्या भीतीने युरोपातले थोर मानसशास्त्रज्ञ तेव्हा त्या शहरात आश्रयाला आले होते. ॲडलर, फ्रॉम, वर्टहायमर ह्यांच्या पायाशी बसायचे भाग्य त्यांना लाभले. मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट ह्यांच्या आग्रहावरून १९३८ च्या उन्हाळ्यात ते कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ब्लॅकफूट जमातीत जाऊन राहिले. तिथे श्रीमंत कोणाला म्हणत? ज्याने वर्षभर साठवलेले सारे उत्सवाच्या दिवशी विधवांना, पोरक्यांना, आंधळ्यांना वाटून टाकले, त्याला. खाण्याच्या पेटीला कुलूप असलेल्या घरातून आलेल्या माणसाला हे पाहून काय वाटले असेल, ते सांगायला नकोच.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका महायुद्धात ओढली गेली. त्या दिवसांत मॅस्लो मोटारीने घरी निघाले असता वाटेत एक गबाळी मिरवणूक आडवी आली. म्हातारे शिपाई, बालवीर, एक झेंडा आणि बेसूर वाजणारी बासरी. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. माणसे एकमेकांना का मारतात हे आपल्याला कळलेले नाही. ते कळावे आणि शांततेच्या वाटाघाटींना उपयोगी पडेल असे मानसशास्त्र उभे करावे, असा निश्चय त्यांनी तिथल्या तिथे केला. १९४३ साली मानवी प्रेरणांवरचा त्यांचा सुप्रसिद्ध लेख प्रकटला तो त्यातून.

त्या लेखात पाच गरजा आहेत, पण त्रिकोण नाही. १९५४ च्या त्यांच्या ग्रंथातही नाही. तो १९६० च्या सुमारास उद्योगधंद्यांच्या सल्लागारांनी काढला. मॅस्लोंचे म्हणणे अधिक सैल आणि अधिक खरे होते. एक गरज पुरती भागल्यावरच दुसरी जागी होते, असे ते म्हणत नाहीत. समजुतीपुरते आकडे देऊन त्यांनी लिहिले, की सामान्य माणसाची शरीराची गरज ८५ टक्के, सुरक्षिततेची ७०, प्रेमाची ५०, स्वाभिमानाची ४० आणि आत्मविकासाची १० टक्के भागलेली असू शकेल. सगळ्या गरजा एकाच वेळी कमीअधिक जाग्या असतात. एखाद्या तत्त्वासाठी सर्वस्वावर पाणी सोडणारी माणसेही असतात, हेही त्यांनी नमूद करून ठेवले आहे.

१९५१ पासून ते ब्रँडाइस विद्यापीठात होते. १९६२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या एका विद्युत उपकरणांच्या कारखान्यात राहून त्यांनी कामगारांची मने न्याहाळली. कारखानदार आपल्या सिद्धांतावर एवढा भार टाकतात, पण त्याला पुरावा कितीसा आहे, अशी शंका त्यांनीच तेव्हा लिहून ठेवली. १९६७ च्या अखेरीस हृदयविकाराचा जबर झटका आला. त्यानंतरचा प्रत्येक दिवस त्यांना वरकड मिळालेल्या दानासारखा वाटे. स्वतःच्या विकासापलीकडे स्वतःला विसरण्याचीही एक गरज आहे, असा विचार ते ह्या काळात करीत होते. आपल्या साऱ्या कामाचे मूळ आईच्या कोरडेपणाविषयीच्या तिटकाऱ्यात आहे, असेही त्यांनी रोजनिशीत लिहिले. जगाला प्रेमाची गरज समजावून सांगणाऱ्याला आईला क्षमा करणे जमले नाही. ८ जून १९७० रोजी कॅलिफोर्नियात घराजवळ सावकाश धावत असता ते कोसळले. वय अवघे ६२.

आता माझी गोष्ट. शिक्षकांचा शिक्षक होण्यापूर्वी मी काही वर्षे शाळेत होतो. वर्गात एक मुलगा होता. घरची फार ओढाताण. गणेशोत्सवातल्या नाटकात काम मागायला तो आला. तालमी रात्री उशिरापर्यंत चालत. मी त्याला मायेने समजावले, की तू आधी घरचे पाहा, अभ्यास कर. आणि दुपारच्या डब्याची सोय मात्र लावून दिली. आपण त्याची गरज ओळखली, असे मला वाटले. डबा त्याने घेतला. नाटकाच्या रात्री तो मांडवाबाहेर, कनातीच्या फटीतून पाहत उभा होता.

मॅस्लोंचा मूळ लेख वाचताना मला तो आठवला. त्याची भूक मी पाहिली होती, पण ती एकटी नव्हती. नंतर वर्षभर तो माझ्याच वर्गात होता. माझ्याकडे त्याने पुन्हा काही मागितले नाही.