रॉबर्ट मॅरियन ला फॉलेट

रॉबर्ट मॅरियन ला फॉलेट (१४ जून, इ.स. १८५५ – १८ जून, इ.स. १९२५) हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील वकील, राजकारणी आणि सुधारणावादी नेते होते. इ.स. १८८५ ते १८९१ या काळात ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य, इ.स. १९०१ ते १९०६ या काळात विस्कॉन्सिनचे गव्हर्नर आणि इ.स. १९०६ पासून मृत्यूपर्यंत सिनेटर होते. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात न ठरता सामान्य मतदारांच्या थेट मतदानाने ठरावा, हे तत्त्व संपूर्ण राज्याला लागू होणाऱ्या कायद्यात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. अनुयायी त्यांना ‘फायटिंग बॉब’ म्हणजे लढाऊ बॉब या नावाने ओळखत.

== जन्म व शिक्षण ==

ला फॉलेट यांचा जन्म विस्कॉन्सिनमधील डेन परगण्यात प्रिमरोज या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. ते अवघे काही महिन्यांचे असताना त्यांचे वडील वारले. पुढे आईने जॉन सॅक्स्टन या वयस्क व्यापाऱ्याशी विवाह केला. सावत्र वडिलांचा धाक व धार्मिक कडकपणा यांत रॉबर्ट यांचे बालपण गेले. इ.स. १८७५ मध्ये त्यांनी मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात प्रवेश घेतला. विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन बॅस्कम यांच्या नीतिविषयक व्याख्यानांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र चालवून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. अभ्यासात ते सामान्यच होते, पण वक्तृत्वात अग्रेसर होते. इ.स. १८७९ मध्ये शेक्सपिअरच्या इयागो या खलपात्रावर केलेल्या भाषणाने त्यांनी आंतरराज्य वक्तृत्व स्पर्धा जिंकली. त्या काळी नट होण्याचा विचारही त्यांच्या मनात होता.

इ.स. १८८१ च्या अखेरच्या दिवशी त्यांचा विवाह सहाध्यायिनी बेल केस यांच्याशी झाला. बेल या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातून पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महिला होत. पतीच्या राजकीय निर्णयांत त्यांचा सल्ला अखेरपर्यंत महत्त्वाचा राहिला.

== राजकारणात प्रवेश ==

वकिलीची सनद मिळाल्यावर त्याच वर्षी, इ.स. १८८० मध्ये, ला फॉलेट यांनी डेन परगण्याच्या सरकारी वकिलाच्या पदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली. मॅडिसनचे पोस्टमास्तर एलिशा कीझ हे त्या भागातील पक्षाचे सर्वेसर्वा होते. उमेदवारी कोणाला द्यायची हे आपण ठरवतो, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यांच्या विरोधाला न जुमानता ला फॉलेट घोडागाडीतून गावोगाव फिरले, शेतकऱ्यांना भेटले आणि निवडून आले. इ.स. १८८४ मध्ये ते प्रतिनिधिगृहात गेले व तेथील सर्वांत तरुण सदस्य ठरले. तेथील सहा वर्षांत मात्र ते पक्षाशी एकनिष्ठ असलेले, संरक्षक आयातकराचे समर्थक असे चाकोरीतले सदस्य होते. इ.स. १८९० च्या डेमोक्रॅटिक लाटेत त्यांचा पराभव झाला.

== सॉयर प्रकरण ==

सप्टेंबर, इ.स. १८९१ मध्ये घडलेल्या एका भेटीने त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. लाकूड व्यापारातील लक्षाधीश आणि पक्षाचे ज्येष्ठ सिनेटर फिलेटस सॉयर यांनी त्यांना मिलवॉकीतील प्लँकिंटन हाउस या हॉटेलात बोलावले. राज्याच्या माजी कोषाध्यक्षांनी सरकारी ठेवींवरचे व्याज स्वतःकडे ठेवल्याबद्दल त्यांच्यावर खटले सुरू होते आणि त्यांचे जामीनदार असल्यामुळे सॉयर यांना मोठा भुर्दंड बसण्याची शक्यता होती. खटला ज्यांच्यापुढे होता ते न्यायाधीश रॉबर्ट सीबेकर हे ला फॉलेट यांचे मेहुणे होते. मेहुण्यांवर वजन टाकण्यासाठी सॉयर यांनी आपल्याला पैसे देऊ केले, असा आरोप ला फॉलेट यांनी जाहीरपणे केला. सॉयर यांचे म्हणणे असे की, आपण त्यांना केवळ वकील म्हणून नेमू पाहत होतो. दोघांखेरीज तेथे तिसरे कोणी नसल्याने खरे-खोटे कधीच सिद्ध झाले नाही. न्यायाधीश सीबेकर खटल्यातून बाजूला झाले. पक्षाच्या धुरीणांनी ला फॉलेट यांना जवळजवळ वाळीत टाकले आणि तेव्हापासून पक्षयंत्रणेविरुद्धचा त्यांचा लढा सुरू झाला.

== अधिवेशन पद्धतीविरुद्ध मोहीम ==

त्या काळी उमेदवार ठरवण्याची पद्धत पायऱ्यापायऱ्यांची होती. प्रभागात किंवा गावात पक्षाच्या मतदारांची बैठक भरे. तिला कॉकस म्हणत. कॉकस परगण्याच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडे, परगण्याचे अधिवेशन राज्य अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडे आणि राज्य अधिवेशन गव्हर्नरपदाचा उमेदवार जाहीर करे. कागदावर ही रचना लोकशाहीचीच होती. प्रत्यक्षात कॉकसला मोजकीच माणसे येत, ती कोणी आणायची हे स्थानिक म्होरके ठरवत आणि प्रतिनिधींना रेल्वे कंपन्यांचे फुकट प्रवासाचे पास मिळत. एकेका पायरीवर मतदाराचा आवाज क्षीण होत जाई आणि शेवटच्या पायरीवर रेल्वे व लाकूड व्यवसायातील धनिकांचे हितसंबंध निर्णायक ठरत. भारतात पक्षश्रेष्ठींनी तिकीट देण्याची जी रीत आहे तिच्याहून ही पद्धत वेगळी असली, तरी सामान्य मतदाराच्या हाती दोन्हींत फारसे काही राहत नाही.

इ.स. १८९४ मध्ये ला फॉलेट यांनी निल्स हॉगेन यांना गव्हर्नरपदासाठी पुढे केले, पण अधिवेशनात ते पराभूत झाले. इ.स. १८९६ मध्ये ला फॉलेट स्वतः उभे राहिले. आपल्या बाजूने पुरेसे प्रतिनिधी आहेत अशी त्यांची खात्री होती, परंतु उमेदवारी एडवर्ड स्कोफिल्ड यांना मिळाली. मतदानाच्या आदल्या रात्री प्रतिनिधी पैशाने फोडले गेले, असे ला फॉलेट यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. या पराभवानंतर त्यांचा रोख व्यक्तींवरून पद्धतीकडे वळला. २२ फेब्रुवारी, इ.स. १८९७ रोजी शिकागो विद्यापीठात केलेल्या भाषणात त्यांनी कॉकस व अधिवेशने मोडीत काढून त्यांच्या जागी सरकारी देखरेखीखाली गुप्त मतदानाने प्राथमिक निवडणूक (प्रायमरी) घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्या वर्षी ते परगण्यांच्या कृषी जत्रांतून फिरले. जनावरांची प्रदर्शने पाहायला आलेल्या शेतकऱ्यांपुढे गाडीवर उभे राहून ते तासन्‌तास बोलत. इ.स. १८९८ मध्ये अधिवेशनाने पुन्हा स्कोफिल्ड यांनाच पसंती दिली.

थेट प्राथमिक निवडणुकीची कल्पना मूळची ला फॉलेट यांची नव्हे. पेनसिल्व्हेनियातील क्रॉफर्ड परगण्यात इ.स. १८४२ पासूनच तिचा प्रयोग झाला होता. दक्षिणेकडील राज्यांतही पक्ष स्वतःच्या नियमांनी अशा निवडणुका घेत, पण तेथे कृष्णवर्णीयांना मतदानातून वगळण्याचे साधन म्हणून तिचा वापर झाला आणि तो अन्याय सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९४४ मध्येच दूर केला. पक्षांचे नियम बाजूला सारून राज्याच्या कायद्याने सर्व पक्षांना ही पद्धत बंधनकारक करणे, हे विस्कॉन्सिनचे वेगळेपण होय.

== गव्हर्नरपद व प्राथमिक निवडणुकीचा कायदा ==

इ.स. १९०० मध्ये ला फॉलेट यांनी सामोपचाराचे धोरण स्वीकारले. लाकूड व्यवसायातील धनिक आयझॅक स्टीफन्सन हे सॉयर गटावर नाराज होऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. उमेदवारी बिनविरोध मिळाली व ला फॉलेट एक लाखाहून अधिक मताधिक्याने गव्हर्नर झाले. विधिमंडळात मात्र त्यांच्याच पक्षातील जुन्या वळणाच्या ‘स्टॉलवर्ट’ गटाने प्राथमिक निवडणुकीचे विधेयक अडवले. इ.स. १९०१ मध्ये सिनेटने फक्त परगणा पातळीवरील पदांपुरते मर्यादित असे पर्यायी विधेयक संमत करून पाठवले. अर्धी भाकर पदरात पाडून घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला असतानाही ला फॉलेट यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. निकृष्ट कायदा झाला तर तो फसेल आणि मूळ कल्पनाच बदनाम होईल, अशी त्यांची धारणा होती.

इ.स. १९०२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. इ.स. १९०३ मध्ये विधेयक एकदाचे मंजूर झाले, पण नोव्हेंबर, इ.स. १९०४ मध्ये लोकांचा कौल घेऊनच ते अमलात यावे, अशी अट सिनेटने घातली. दरम्यान ला फॉलेट यांनी एक प्रभावी पद्धत रूढ केली. ज्या आमदाराने सुधारणांना विरोध केला असेल, त्याच्याच मतदारसंघात जाऊन कोणत्या विधेयकावर त्याने कसे मत दिले याची नोंद ते सभेत वाचून दाखवत.

== इ.स. १९०४ चे अधिवेशन ==

मे, इ.स. १९०४ मध्ये मॅडिसन येथे विद्यापीठाच्या व्यायामशाळेत भरलेले रिपब्लिकन अधिवेशन हे जुन्या पद्धतीचे शेवटचे मोठे नाट्य होते. अनेक परगण्यांतून दोन-दोन प्रतिनिधी मंडळे आली होती. खरे प्रतिनिधी कोणते हे ठरवण्याचा अधिकार राज्य समितीकडे होता आणि समिती ला फॉलेट यांच्या हाती होती. प्रवेशद्वाराशी काटेरी तारांचा मार्ग करून तेथे विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील धट्टेकट्टे गडी पहाऱ्याला ठेवले होते. स्टॉलवर्ट गटाने सभात्याग करून शहरातील नाट्यगृहात वेगळे अधिवेशन भरवले व सॅम्युअल कुक यांना उमेदवारी दिली. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाने स्टॉलवर्ट प्रतिनिधींनाच मान्यता दिली, परंतु ऑक्टोबरमध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने ला फॉलेट गटाच्या बाजूने निर्णय दिला. पक्षयंत्रणा मोडू पाहणाऱ्या या नेत्याने स्वतःचीही एक यंत्रणा उभी केली होती, हे या प्रसंगात स्पष्ट दिसते. राज्य सरकारच्या शिकार-निरीक्षकांना प्रचाराला जुंपल्याचा आरोपही त्यांच्यावर होत असे.

नोव्हेंबरमध्ये ला फॉलेट तिसऱ्यांदा निवडून आले आणि प्राथमिक निवडणुकीच्या कायद्यास सुमारे १ लाख ३० हजार विरुद्ध ८० हजार मतांनी मान्यता मिळाली. मतदाराने पक्षाचे सदस्य असण्याची वा आपला पक्ष जाहीर करण्याची गरज नव्हती. गुप्तपणे कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका भरता येई. इ.स. १९०५ मध्ये राष्ट्रीय अधिवेशनाचे प्रतिनिधीही थेट मतदानाने निवडण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी रेल्वे आयोगाची स्थापना झाली व सरकारी नोकरभरती गुणवत्तेवर आणणारा कायदाही संमत झाला.

== कायद्यानंतरचा अनुभव ==

सप्टेंबर, इ.स. १९०६ मध्ये नव्या कायद्याखालील पहिली प्राथमिक निवडणूक झाली. ला फॉलेट तोवर सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेले होते आणि जेम्स डेव्हिडसन गव्हर्नर झाले होते. ला फॉलेट यांनी डेव्हिडसन यांच्याविरुद्ध आपले विश्वासू सहकारी अर्व्हाइन लेनरूट यांचा प्रचार केला. मतदारांनी डेव्हिडसन यांना प्रचंड मतांनी विजयी केले. निवड मतदारांच्या हाती गेली म्हणजे ती सुधारकांच्याही हाती राहत नाही, याचा हा पहिला धडा होता.

दुसरा धडा अधिक कटू ठरला. इ.स. १९०८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी झालेल्या प्राथमिक निवडणुकीत आयझॅक स्टीफन्सन यांनी १ लाख ७ हजार डॉलरहून अधिक खर्च करून विजय मिळवला. अधिवेशनात मूठभर प्रतिनिधींना वश करणे पुरे होई, पण आता राज्यभरच्या मतदारांपर्यंत पोहोचायचे तर जाहिराती, कार्यकर्ते व प्रवास यांसाठी अमाप पैसा लागत होता. सिनेटने चौकशी केली, पण स्टीफन्सन यांची जागा कायम राहिली. या अनुभवानंतर विस्कॉन्सिनने इ.स. १९११ मध्ये उमेदवारांच्या खर्चावर मर्यादा घालणारा कायदा केला. मते अनेकांत विभागून अल्पमतातला उमेदवार निवडून येऊ नये म्हणून त्याच वर्षी दुसऱ्या पसंतीचे मत देण्याची सोयही करण्यात आली, परंतु ती काही वर्षांतच रद्द झाली.

== इ.स. १९१२ ची अध्यक्षीय उमेदवारी ==

जानेवारी, इ.स. १९११ मध्ये ला फॉलेट यांच्या वॉशिंग्टनमधील निवासस्थानी नॅशनल प्रोग्रेसिव्ह रिपब्लिकन लीगची स्थापना झाली. प्राथमिक निवडणुका, सिनेटरांची थेट निवड व राष्ट्रीय अधिवेशनाच्या प्रतिनिधींची थेट निवड या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्याविरुद्ध सुधारणावाद्यांचे उमेदवार म्हणून ला फॉलेट पुढे आले. परंतु २ फेब्रुवारी, इ.स. १९१२ रोजी फिलाडेल्फिया येथे नियतकालिकांच्या प्रकाशकांपुढे त्यांचे भाषण भरकटले. ते थकलेले होते आणि मुलीची शस्त्रक्रिया तोंडावर आली होती. त्यांचे बरेच समर्थक आधीच थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे झुकत होते. त्यांना या भाषणाने निमित्तच मिळाले. तरीही मार्चमध्ये नॉर्थ डकोटातील प्राथमिक निवडणुकीत व पुढे विस्कॉन्सिनमध्ये ला फॉलेट यांनीच बाजी मारली.

प्राथमिक निवडणुका झालेल्या बहुतेक राज्यांत रूझवेल्ट विजयी झाले होते. पण शिकागोच्या अधिवेशनात वादग्रस्त प्रतिनिधींच्या जागा राष्ट्रीय समितीने मोठ्या प्रमाणावर टाफ्ट यांना बहाल केल्या. मॅडिसनमध्ये आठ वर्षांपूर्वी वापरलेले अस्त्र येथे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. टाफ्ट यांना ५६१, तर ला फॉलेट यांना ४१ मते मिळाली. ला फॉलेट यांनी रूझवेल्ट यांच्याशी हातमिळवणी केली नाही. दोघांतील कटुता कायम राहिली.

== युद्धविरोध व अखेरची वर्षे ==

इ.स. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने सिनेटरांची थेट निवडणूक देशभर लागू झाली. इ.स. १९१५ चा खलाशांच्या हक्कांचा कायदा ही ला फॉलेट यांची सिनेटमधील मोठी कामगिरी होय. इ.स. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातील प्रवेशाविरुद्ध मत देणाऱ्या सहा सिनेटरांत ते होते. सेंट पॉल येथील त्यांच्या भाषणाचे चुकीचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर त्यांना सिनेटमधून काढून टाकण्याची मागणी झाली. इ.स. १९१९ मध्ये ती फेटाळली गेली. इ.स. १९२२ मध्ये ते मोठ्या मताधिक्याने पुन्हा निवडून आले. इ.स. १९२४ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांबाहेर राहून त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. त्यांना सुमारे ४८ लाख मते, म्हणजे १६ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, पण राज्य जिंकता आले ते एकच, विस्कॉन्सिन. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. मॅडिसनच्या फॉरेस्ट हिल दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

== मृत्यूनंतर ==

त्यांच्या जागी पुत्र रॉबर्ट ला फॉलेट (धाकटे) सिनेटर झाले व दुसरे पुत्र फिलिप पुढे गव्हर्नर झाले. इ.स. १९४६ मध्ये धाकट्या रॉबर्ट यांचा रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत पराभव झाला. वडिलांनी आणलेल्या पद्धतीनेच त्यांची जागा घेणारे गृहस्थ होते जोसेफ मॅकार्थी. इ.स. १९५७ मध्ये जॉन एफ. केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निवडलेल्या पाच थोर सिनेटरांत ला फॉलेट यांचा समावेश झाला.

पक्षाचे सदस्य नसलेल्यांनाही मतदान करू देणारी विस्कॉन्सिनची खुली प्राथमिक निवडणूक डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय नियमांत बसत नव्हती. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा राज्याचे महाधिवक्ता होते ला फॉलेट यांचे नातू ब्रॉन्सन ला फॉलेट. इ.स. १९८१ मध्ये न्यायालयाने पक्षाच्या बाजूने निकाल दिला. राज्याच्या कायद्यानुसार निवडलेले प्रतिनिधी स्वीकारण्याची सक्ती राष्ट्रीय पक्षावर करता येणार नाही, असे ठरले. इ.स. १९८४ मध्ये पक्षाने विस्कॉन्सिनमधील आपले प्रतिनिधी कॉकसद्वारे निवडले. त्यानंतर मात्र पक्षाने विस्कॉन्सिनच्या खुल्या प्राथमिक निवडणुकीस पुन्हा मान्यता दिली.