भिंतीवरचा फोटो आणि न झालेली सहल

गेल्या वर्षी ऐन पी.एल.मध्ये आमचे आजोबा गेले. घरी पोचलो तर सगळ्यांपुढे एकच प्रश्न, हार घालायला फोटो कुठला? आजोबांनी स्टुडिओत जाऊन फोटो कधी काढलाच नव्हता. चांगला म्हणावा असा एकच होता, गणपतीपुळ्याच्या सहलीत मी मोबाइलवर काढलेला. पाठीमागे समुद्र, टोपी हातात, आणि मनापासून हसतायत. पण तो मोबाइल कधीच बंद पडला होता. उरली होती आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली कॉपी. तालुक्याच्या फोटोवाल्याने ती मोठी करून पाहिली आणि मान हलवली. चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन!

होस्टेलवर परतल्यावर डोक्यात तेच. फोटो मोठा होतो म्हणजे नक्की काय होतं? लायब्ररीत हे शोधताना भेटला जॉर्ज ईस्टमन, कोडॅकचा संस्थापक. मित्रांनो, गंमत म्हणजे याची गोष्टसुद्धा सहलीपासूनच सुरू होते. आणि ती सहल झालीच नाही!

ईस्टमनचा जन्म 12 जुलै 1854 चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला. तो सात वर्षांचा असताना वडील वारले. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो नोकरीला लागला आणि पुढे रॉचेस्टरच्या एका बँकेत कारकून झाला. 1877 मध्ये त्याने सुट्टीत सँतो दोमिंगोला जायचं ठरवलं. तिथले फोटो काढावेत म्हणून कॅमेरा घेतला. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे केवढं लटांबर! मोठी पेटी, तिवई, तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या. काचेवर ओला थर द्यायचा, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि तिथेच तंबूत धुवायचा. सहल बारगळली, पण हे एवढं ओझं कशाला, हा प्रश्न काही त्याला सोडेना.

दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो, हा गडी रोज जागायचा! कोरड्या जिलेटिनच्या काचा जमल्या, काचेवर थर देणारं मशीन झालं, 1880 मध्ये धंदा सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्याने बँक सोडली. आणि 1882 मध्ये माल खराब निघाला. काचांवर चित्रच नीट उठेना. ईस्टमनने विकलेल्या काचा परत घेतल्या, बदलून दिल्या. कंपनी बुडायची वेळ आली. कारण शोधायला तो इंग्लंडपर्यंत गेला, तेव्हा कळलं की दोष जिलेटिनमध्ये होता. त्यानंतर कच्चा माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही, हे तो कायमचं शिकला.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. पूर्वी फोटोचा कागद इतका मंद असे की निगेटिव्ह त्यावर ठेवून उन्हात धरावं लागे. म्हणजे जेवढी काच तेवढाच फोटो. 1880 च्या दशकात ईस्टमनने जलद ब्रोमाइड कागद बाजारात आणला. आता दिव्याच्या उजेडात निगेटिव्हची मोठी प्रतिमा कागदावर पाडता येऊ लागली. भिंतीवरचा मोठा फोटो असा सोपा झाला.

1888 मध्ये आला कोडॅक कॅमेरा. किंमत 25 डॉलर, आत 100 फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. 10 डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवा रोल भरून परत! फोटो गोल, जेमतेम अडीच इंचाचे. पण गिऱ्हाइकाने फक्त फोटो काढायचा, पुढचं सगळं कंपनीने करायचं, ही वाटणी जगाला पटली. 1900 मध्ये ब्राउनी कॅमेरा आला तो चक्क एका डॉलरला. सहलीचे फोटो सामान्य घरांत पोचले.

ईस्टमनने लग्न केलं नाही. पैसा मात्र हात सैल सोडून वाटला. 1912 मध्ये एम.आय.टी.च्या नव्या कॅम्पससाठी त्याने 25 लाख डॉलर दिले, तेही मिस्टर स्मिथ या नावाने! खरं नाव 1920 मध्ये उघड झालं. तिथे त्याच्या प्रतिमेचा फलक आहे आणि परीक्षेआधी पोरं त्याचं नाक चोळतात म्हणे. आपल्याकडे गणपती आहेच! शेवटी मणक्याच्या आजाराने तो फार खचला आणि 14 मार्च 1932 रोजी त्याने स्वतःच जीवन संपवलं. पुढे 1950 ते 1990 या काळात कोडॅकने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात 60 फूट रुंद, 18 फूट उंच फोटो झळकवले. त्यात असायची सुट्टीवर निघालेली कुटुंबं.

आज बटण आपण दाबतो, पण पुढचं करणारं कुणी नाही. ते आपणच करायचं. थोडं गणित बघा. 12 मेगापिक्सेलचा मूळ फोटो म्हणजे 4000 गुणिले 3000 ठिपके. जवळून बघायच्या फोटोला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे 13 गुणिले 10 इंच. भिंतीवर चार-पाच फुटांवरून बघायचा तर 150 पुरतात, म्हणजे 26 गुणिले 20. फॉरवर्ड केलेला फोटो 1600 गुणिले 1200 चा झाला, तर भिंतीवर जेमतेम 10 गुणिले 8. त्यात आजोबा एका कोपऱ्यात! नसलेले ठिपके फोटोवाला आणणार कुठून?

तेव्हा यंदा ट्रेकहून आलात की दोन-चार फोटो निवडा, मूळ फाइल जपून ठेवा आणि एखादा तरी प्रिंट करा. घरच्यांचा तर नक्कीच.

आमच्या आजोबांचा फोटो शेवटी पोस्टकार्डाएवढाच केला. समुद्र कापावा लागला. आजी रोज दिवा लावताना अगदी जवळ जाऊन बघते.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी