जे. बी. एस. हाल्डेन : निवडीचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ

उत्क्रांतिशास्त्राला गणिताची भक्कम बैठक देणारे जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचे १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे गुदाशयाच्या कर्करोगाने निधन झाले. नैसर्गिक निवडीचे जे गणित त्यांनी मांडले, त्याच विचाराच्या आधारे पसरलेला कर्करोग औषधांना दाद का देत नाही, याचा उलगडा आज केला जातो.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. विषारी वायूंचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर करण्याचा वारसा मुलाला त्यांच्याकडूनच मिळाला. विशेष म्हणजे हाल्डेन यांनी विज्ञानाची पदवी घेतलेली नव्हती. त्यांचे शिक्षण गणित आणि ग्रीक-लॅटिन वाङ्मयात झाले होते. पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर लढले. १९२४ पासून त्यांनी निवडीच्या गणितावर लेखमाला लिहिली. एखादा उपयुक्त जनुकीय बदल पिढ्यान्‌पिढ्या किती वेगाने पसरतो, हे त्यांनी आकड्यांत दाखवून दिले.

सुएझवरील १९५६ च्या ब्रिटिश आक्रमणाचा निषेध करीत १९५७ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले, धोतर-कुर्ता आणि शाकाहार आपलासा केला. १९६२ मध्ये ते भुवनेश्वरला गेले. बदलत्या परिस्थितीत जनुकीय विविधता कशी टिकून राहते, याविषयी १९६३ मध्ये त्यांनी सुरेश जयकर यांच्यासह महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले.

त्याच सुमारास आजाराने डोके वर काढले. १९६४ च्या प्रारंभी लंडनमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. अंथरुणावरूनच त्यांनी आपल्या कर्करोगावर विनोदी कविता लिहून प्रसिद्ध केली. लोकांनी भीती व संकोच सोडून वेळीच डॉक्टरांकडे जावे, हा त्यामागील हेतू होता. कर्करोगाचे नाव घेणेही टाळले जाण्याच्या त्या काळात हे धाडसच होते. मात्र रोग पुन्हा उलटला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील फ्ल्युरोयुरॅसिल हे औषध १९५७ मध्ये पुढे आले होते. पण उपचारांची मजल तेव्हा फार नव्हती.

तेच औषध आजही या उपचारांचा कणा आहे. ते दिल्यावर बहुतेक पेशी मरतात. पण जनुकीय बदलांमुळे काही पेशी तगतात आणि त्यांचीच संख्या वाढत जाते. ही निवडच होय. म्हणून डॉक्टर एकाहून अधिक औषधे एकत्र वापरतात, गाठीतील जनुकीय बदल तपासून लक्ष्यवेधी औषधे किंवा प्रतिकारशक्ती जागवणारे उपचार निवडतात. रोग यकृतात वा फुप्फुसात मोजक्या जागी पसरला असेल, तर तो भाग काढून काही रुग्ण पूर्ण बरेही होतात.

तरीही वेळेला पर्याय नाही. शौचावाटे रक्त जाणे म्हणजे मूळव्याधच, हा समज नाशिक जिल्ह्यातील कळवणसारख्या तालुक्याच्या गावापासून महानगरांपर्यंत आढळतो आणि घरगुती इलाजांत मोलाचे महिने निघून जातात. हाल्डेन यांनी आजारपणात हीच चूक टाळण्यास सांगितले होते. मृत्यूनंतरही ते विज्ञानाच्या कामी आले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.