आनंदीबाईंची डोकेदुखी

नशिराबादच्या आमच्या घरी दुपारची भांडी आटोपली की माय ओसरीच्या खांबाला टेकून बसायची आणि एक जुने फडके डोक्याला करकचून बांधायची. सुंठ उगाळून केलेला लेप कपाळावर असायचाच. चैत्र-वैशाखात खान्देशचे ऊन असे तापते की पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसाला टेकतो. त्या दिवसांत तर हा कार्यक्रम रोजचाच. भादली स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकू आली की ती दोन्ही हातांनी कान झाकून घेई. कुणी विचारलेच तर डोके जरा चढले आहे, एवढेच सांगायची आणि चार वाजता चुलीवर चहाचे आधण ठेवायला उठायची. आईचे डोके दुखणे हे आम्हा भावंडांच्या दृष्टीने घराच्या भिंतींइतकेच नेहमीचे होते. ते का दुखते, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही कधी पडला नाही.

पुढे मी शाळेत शिक्षिका झाले. वाचनालयातून आणलेली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी एका सुटीत वाचली आणि मग डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्राचे वेडच लागले. परदेशी जाऊन डॉक्टर झालेली पहिली हिंदू स्त्री म्हणून त्यांचे नाव आपण लहानपणापासून ऐकतो. पण चरित्र वाचताना मी एका लहानशा उल्लेखापाशी थबकले. कलकत्त्याच्या मुक्कामात आनंदीबाईंना अशक्तपणा होता, अधूनमधून ताप येई, कधी दम लागे आणि डोके सतत दुखे. मला एकदम ओसरीवरची माय दिसली. म्हणून आज त्यांचे आयुष्य या दुखऱ्या डोक्याच्या बाजूने सांगावेसे वाटते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणच्या जोशी घराण्यातला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात कारकून, बिजवर आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट. हट्ट चांगला, पण रीत कठोर होती. अभ्यासात कुचराई झाली तर त्या लहान मुलीने मारही खाल्ला. बदलीची नोकरी असल्यामुळे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असा संसार हलत राहिला. प्रत्येक गावी नवे पाणी, नवी हवा, नवे शेजारी आणि शिकणाऱ्या बाईकडे रोखून पाहणारे नवे डोळे.

चौदाव्या वर्षाच्या आसपास आनंदीबाई आई झाल्या. मूल दहा दिवसच जगले. योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, ही सल त्यांच्या मनात कायमची राहिली आणि डॉक्टर होण्याची इच्छा तिथेच रुजली. इतक्या कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने शरीराचे काय होते, हे आता आपल्याला ठाऊक आहे. वाढीच्या वयात अंगातले रक्त आधीच बेताचे असते, त्यात गर्भाला आणि बाळंतपणाला ते खर्ची पडते. रक्तात हिमोग्लोबिन कमी असले की मेंदूला प्राणवायू पुरविण्यासाठी हृदयाला जादा धावावे लागते. मग थकवा, धाप, चक्कर आणि डोकेदुखी अशी मंडळी एकमेकींचा हात धरूनच येतात. आज अशा लक्षणांची कुणी तरुणी आली, तर डॉक्टर पहिल्यांदा रक्त तपासायला सांगतील. आनंदीबाईंच्या काळी ती सोय कुठली?

कोल्हापुरात असताना, १८७८ साली, गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. ती मदत मिळाली नाही, पण पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी १८८० साली तो वाचला. त्यांना या अनोळखी मुलीची कणव आली आणि त्यांनी पत्र पाठविले. पाहता पाहता दोघींत माया जडली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

१८८१ साली गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा लोहमार्ग १८७० सालीच पूर्ण झाला होता आणि तो आमच्या जळगाव-भुसावळवरूनच जात होता. भादलीची शिटी ऐकली की मला म्हणूनच आनंदीबाईंच्या कलकत्त्याची आठवण होते. तिथली दमट हवा त्यांना मानवली नाही. डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा यांनी त्यांना घेरले ते याच काळात. मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठविली, सातासमुद्रापलीकडून ती आली, पण गुण काही आला नाही.

गुण कसा येणार? त्या काळच्या डॉक्टरांकडे उष्णतामापक होता, छाती ऐकण्याची नळी होती, पण आतले चित्र दाखविणारे क्ष-किरण सापडले १८९५ साली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे उपकरण आले १८९६ साली. ॲस्पिरिन बाजारात आले १८९९ साली. आणि क्षयाचे जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केले ते मार्च १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई बंगालमध्ये कण्हत होत्या तेव्हाच. जंतू सापडला तरी त्यावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध हाती यायला आणखी साठ वर्षे जायची होती.

डोकेदुखीचे दुसरे एक कारण त्यांच्या आयुष्यात उघड दिसते, ते म्हणजे मनावरचा ताण. नवऱ्याबरोबर पायी हिंडणारी, पुस्तके वाचणारी ही मराठी बाई रस्त्याने जाऊ लागली की लोक टक लावून पाहत, टोमणे मारीत. आज डॉक्टर सांगतात की सर्वांत जास्त आढळणारी डोकेदुखी हीच ताणाची. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, मान आणि खांदे भरून येतात. अर्धशिशी वेगळी. तिच्यात बहुधा एका बाजूला ठणके बसतात, मळमळते, उजेड आणि आवाज सोसवत नाही. बायकांत ती पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळते. जागरण, उपवास, ऊन, मासिक पाळीचे दिवस यांनी ती चाळवते. शिटीचा आवाज नको म्हणून कान झाकणाऱ्या माझ्या मायला काय होत असेल, ते मला इतक्या उशिरा उमगले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेला का जातो, याची कारणे त्यांनी निर्भयपणे मांडली. त्यांच्या सांगण्याचा गाभा असा, की इथल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे उघड करीत नाहीत, तेव्हा या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात. दुखणे दडविणाऱ्या बायकांसाठी उभी राहिलेली ही अठराव्या वर्षाला टेकलेली मुलगी स्वतः दुखरे डोके घेऊन बोलत होती. ७ एप्रिलला त्या नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. त्यांना उतरवून घ्यायला मावशी धक्क्यावर हजर होत्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. ते कॉलेज १८५० सालचे. तिथल्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी त्यांना जिव्हाळ्याने सांभाळले. पण थंडी हाडे गोठविणारी होती आणि आपला पोशाख व आहार सोडायचा नाही, हा आनंदीबाईंचा निश्चय होता. चरित्रकार सांगतात की त्यांच्या खोलीतली शेगडी जुन्या धाटणीची होती. लाकडे पेटविली की खोली धुराने भरे, विझविली की थंडी. धूर नाहीतर थंडी, एवढीच निवड. कोंडलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि त्याची पहिली खूण डोकेदुखी हीच असते. आमच्या खान्देशात कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून ज्या बायकांनी जन्मभर भाकरी थापल्या, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

एवढे सगळे सोसून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. ही पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आईने दुसरा कोणता विषय निवडला असता? पदवीदान समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना देऊ केली. पण तोवर क्षयाने शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या ते आजारी अवस्थेतच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. कोल्हापूरच्या त्या खुर्चीवर त्या कधी बसूच शकल्या नाहीत.

त्यांची डोकेदुखी अमुक एकाच कारणाने होती, असे ठासून सांगणे मला तरी धाडसाचे वाटते. कोवळ्या वयातले बाळंतपण, ताप, जागरणे, अपमान, धूर अशी कारणे एकाच डोक्यात वस्तीला येऊ शकतात. हाच मला त्यातून मिळालेला धडा.

मायला मी जळगावला डॉक्टरांकडे नेले, ते हे सारे वाचल्यानंतर. त्यांनी आधी पंधरा-वीस मिनिटे नुसते प्रश्न विचारले. मग रक्तदाब पाहिला, रक्त तपासले, डोळे तपासायला सांगितले. रक्त फारच कमी निघाले. आठवड्यातले दोन उपवास आणि चतुर्थी वेगळी, चुलीचा धूर, उन्हातली कामे असे एकेक कारण पुढे आले. शेवटी निघाली ती तिने पिठाच्या डब्यामागे ठेवलेली गोळ्यांची पुडी. किराणा दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी ती रोज घेत होती. डॉक्टरांनी समजावले की साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा तीनेक महिने घेत राहिले तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. आनंदीबाईंना साधी ॲस्पिरिनही मिळाली नाही आणि मायला गोळ्या फार मिळाल्या!

गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाल्या. पहिले काही दिवस दुखणे वाढलेच, पण तिने धीर सोडला नाही. लोहाच्या गोळ्या, वेळेवर जेवण, भरपूर पाणी, झोपेची ठरलेली वेळ आणि घरात आलेला गॅस यांनी दोन-तीन महिन्यांत फरक पडला. मी एक वही घातली. डोके कधी दुखले, किती वेळ, त्याआधी काय खाल्ले, झोप किती झाली, हे त्यात लिहू लागले. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी दुखण्याची खूण हटकून दिसे. कारण वहीनेच दाखवून दिले. डोके अजूनही कधीमधी दुखे, पण फडके खुंटीवर लटकू लागले.

काही डोकेदुखी मात्र वहीची वाट पाहणारी नसते. क्षणात वीज कोसळावी तशी आलेली, तापाबरोबर मान ताठणारी, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेली, हातपाय लुळे पडून बोलणे अडखळणारी, एकाएकी दृष्टी अंधुक करणारी, गरोदरपणात उद्भवलेली, अशी डोकेदुखी असेल तर तडक इस्पितळ गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारीही अंगावर काढू नये. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन दिसले, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध मोफत मिळते. निदान वेळेवर झाले आणि उपचार पूर्ण घेतले, तर आज क्षय बरा होतो.

मायला अक्षरओळख नव्हती. मी दुपारी तिला आनंदीबाईंची गोष्ट वाचून दाखवीत असे. सगळे ऐकून तिने एकच चौकशी केली, त्या परमुलखात या पोरीचे डोके चेपून द्यायला कुणी होते का? मी तिला मावशींविषयी सांगितले. आनंदीबाई गेल्यावर त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशींकडे पाठविल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला, हेही सांगितले. माय बराच वेळ गप्प राहिली. मग पदराने डोळे पुसून आधण ठेवायला उठली.

 तुमच्याही घरात कुणी कपाळाला फडके बांधून कामाला लागली असेल. तिला बाम नेऊन द्या, डोकेही चेपून द्या. पण त्याआधी जवळ बसून विचारा, कधीपासून दुखते आहे ते.